मालक म्हणतो नोटरीवर करू: भाड्याच्या घराचा तो अकरा महिन्यांचा कागद नक्की काय असतो

परवा रात्री लातूरहून मावसभावाचा फोन. हिंजवडीत नोकरी लागलीय, वाकडला वन बीएचके बघून आलाय, भाडं वीस, डिपॉझिट साठ, आणि मालक म्हणतोय की रजिस्टर वगैरेच्या भानगडीत कशाला पडता, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून टाकू, तुमचेच पैसे वाचतील. "दादा, चालेल ना?" मी विचारलं टोकन दिलंस का. म्हणे दिलं, पाच हजार, जीपेवर. घ्या. म्हणजे आधी पैसे आणि मग प्रश्न.

त्याला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण पुण्यात तेरा वर्षांत सहा घरं बदलली मी आणि पहिल्या तीन घरांचे करार न वाचताच सह्या करून मोकळा झालो होतो. कोणीच वाचत नाही ते. एजंट पान उलटतो, बोट ठेवतो, आपण सही करतो.

तर पहिली गोष्ट. आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो पण कागदावर आपण भाडेकरू नसतोच. त्या कराराचं नाव असतं लिव्ह अँड लायसन्स. मालक लायसन्सर, आपण लायसन्सी. भाडेकरू म्हणजे ज्याचा त्या जागेत कायद्याने काहीतरी हक्क तयार होतो, आणि लायसन्सी म्हणजे ज्याला फक्त राहायची परवानगी दिलीय, तीही ठरलेल्या तारखेपर्यंत. गावाकडच्या लोकांना हे एका शब्दात कळतं: कूळ. शेत कसायला दिलं आणि कूळ लागलं की काय होतं हे ज्याच्या आज्याने बघितलंय त्याला समजावून सांगायची गरज नाही. शहरातल्या घरमालकाच्या पोटात तीच भीती असते, फक्त शेताच्या जागी फ्लॅट.

आणि ती भीती उगाच नाहीये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, त्यामुळे पेठांमधल्या वाड्यात आणि गिरगाव-दादरच्या चाळीत माणसं चाळीस-पन्नास रुपये भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि मालकाला त्या भाड्यात कौलं बदलणंही परवडेना. मग मालकांनी पळवाट काढली की भाड्याने द्यायचंच नाही, नुसती परवानगी द्यायची. ती पळवाट काही वर्षं चालली, पण सरकारने कायदा बदलून १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सी म्हणून घरात राहत होते त्यांना सरळ भाडेकरूचं संरक्षण देऊन टाकलं. झालं, बऱ्याच मालकांनी धसकाच घेतला, घर कुलूप लावून ठेवू पण कोणाला देणार नाही.

ती कोंडी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने फोडली, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यात सौदा असा आहे की मालकाला खात्री, मुदत संपली की घर परत मिळणार, त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात चपला झिजवायच्या नाहीत, वेगळा सक्षम अधिकारी आहे. आणि मुदत संपूनही लायसन्सी हलला नाही तर त्याला दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई द्यावी लागू शकते. (हे वाक्य परत वाचा, "अजून महिनाभर राहतो ना काका" असं तोंडी ठरवून राहणाऱ्यांनी तर दोनदा.) बदल्यात मालकावर एक जबाबदारी टाकलीय: करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर केलेला पाहिजे. कलम ५५. रजिस्टर केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झालाच तर कराराच्या अटी काय होत्या याबद्दल राहणारा माणूस जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत.

हे ऐकून भाऊ म्हणाला मग नोटरीत माझाच फायदा आहे की! अरे बाबा, तो फायदा कायद्याच्या पुस्तकात आहे. तू साठ हजारांसाठी ऑफिस बुडवून वकील करून भांडत बसणार आहेस का? आणि तोपर्यंत रोजची कामं अडतात त्याचं काय. पासपोर्टचा पत्ता, बँक, गॅस कनेक्शन, आधारवर पत्ता बदलणं, सगळीकडे रजिस्टर्ड करार दाखवला की काम सुटतं, नोटरीचा कागद बघून समोरचा माणूस तोंड वाकडं करतो. मुलाची आरटीईची ॲडमिशन असेल तर भाड्याने राहणाऱ्यांकडून रजिस्टर्ड करारच मागतात.

अकरा महिन्यांचं गूढ पण सांगून टाकतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं आहे, म्हणून देशभर लोकांनी एक महिना कमी केला आणि नोंदणी टाळली. महाराष्ट्रात त्याचा उपयोग शून्य, कारण आपल्याकडे कलम ५५ मुळे अकरा असो की तीन, लिव्ह लायसन्स रजिस्टर करायचाच. तरी सगळे अकराच करतात. सवय, दुसरं काय. आणि एजंटला दर अकरा महिन्यांनी काहीतरी सुटतं हेही आहेच. तुम्हाला दोन-तीन वर्षं तिथेच राहायचंय हे नक्की असेल तर चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करता येतो, साठ महिन्यांपर्यंत स्टँप ड्युटीचा दर तोच राहतो, फक्त भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार ते आत्ताच लिहून घ्यायचं. पाच ते दहा टक्के साधारण चालतं.

आता पैसे वाचतील म्हणतो तो मालक, ते बघू. स्टँप ड्युटी आहे एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. भावाचं गणित: वीस हजार गुणिले अकरा, २,२०,०००. साठ हजारांवर दहा टक्के, ६,०००. बेरीज २,२६,००० आणि त्याचा पाव टक्का म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. म्हणजे सगळं मिळून सोळाशे-सतराशे, वर किरकोळ. नोटरीवाला काय फुकट शिक्का मारतो का? बाकी जे पैसे लागतात ते घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटचे, ते आधी विचारून घासाघीस करा. कायद्याने रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे पण खर्च प्रत्यक्षात अर्धा-अर्धा होतो, आणि बऱ्याच ठिकाणी पूर्ण आपल्याच गळ्यात मारतात. अर्ध्यासाठी म्हणून तरी बघा, लाजू नका.

नोंदणीसाठी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर बसायचे दिवस गेले. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-रजिस्ट्रेशन होतं, मालक, तुम्ही आणि दोन ओळखीचे साक्षीदार, सगळ्यांचे आधार नंबर, मशीनवर अंगठा, फोटो, आणि काही दिवसांत सही झालेली पीडीएफ. आईच्या वयाच्या बाईंचा अंगठा मशीनवर उमटत नाही, भांडी घासून रेषा गेलेल्या असतात, मग दहा वेळा पुसून पुसून लावायचा, हा प्रकार प्रत्येक घरी होतो. मालक अमेरिकेत असेल तर त्याने इथल्या कोणाच्या तरी नावे पॉवर ऑफ ॲटर्नी दिलेली पाहिजे, आणि ती कागदावर बघा, "माझेच काका आहेत" एवढ्यावर भागवू नका.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. कायदा म्हणतो की लिव्ह लायसन्सच्या लेखी करारात जे लिहिलंय ते त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. निर्णायक म्हणजे त्याच्यापुढे तोंडी काही चालत नाही. मालक म्हणतो साठ हजार डिपॉझिटपैकी वीस करारात दाखवू, चाळीस रोख द्या, टॅक्सचं लफडं नको. तुम्ही दिले. वर्षाने कागद म्हणणार डिपॉझिट वीस हजार, विषय संपला. तसंच "पेंटिंगचं आपण बघू", "मधेच सोडलंत तरी काही नाही हो, घरचेच आहात", "गीझर बसवून देतो" हे सगळं जोपर्यंत कागदावर येत नाही तोपर्यंत बोललंच गेलेलं नाही असं समजा. पैसे बँकेतून, एकेक रुपया, आणि करारात त्या ट्रान्सफरचा नंबर. मालक कितीही देवमाणूस असो.

मुंबईत अजून एक प्रकार चालतो, हेवी डिपॉझिट. पाच-दहा लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाही किंवा नावाला. ऐकायला गोड. पण ते पैसे मालकाने धंद्यात घातले आणि धंदा बसला तर तुम्ही कुठे जाणार, आणि फ्लॅटवर कर्ज असेल नि हप्ते थकले असतील तर एक दिवस बँकेची नोटीस दाराला चिकटलेली दिसते. मी तरी करणार नाही. साधं डिपॉझिट पुण्यात दोन-तीन महिन्यांचं असतं, मुंबईत त्याहून जास्त मागतात. केंद्राने २०२१ मध्ये नमुना भाडे कायदा आणला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे, आणि व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड फिरतो की आता दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं. नाही. तो नमुना आहे, राज्याने घेतला तर लागू, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो.

बरं, हे सगळं घर मिळाल्यावरचं. घर शोधताना काय, तर आधी मालक खरा आहे का ते. लाइट बिल, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल, यातलं काहीही दोन मागा आणि नाव जुळवा. इंडेक्स टू ची, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची कॉपी मिळाली तर उत्तम. मागायला संकोच वाटतो लोकांना, पण तो आपलं आधार कार्ड, ऑफिसचं आयडी, गावचा पत्ता सगळं मागतो की नाही? लाइट बिल बघण्यात दुसराही फायदा, थकबाकी दिसते. महावितरणच्या साइटवर ग्राहक क्रमांक टाकला की कळतं.

फसवणुकीचा एक साचा ठरलेला आहे. चांगल्या एरियातला टू बीएचके, फोटो हॉटेलसारखे, भाडं बाजारापेक्षा पाच-सात हजार कमी, आणि मालक म्हणतो मी आर्मीत आहे, बदली झालीय, घर दाखवायला येता येणार नाही पण गेटपासचे दोन हजार पाठवा, रिफंडेबल आहेत. मग क्यूआर कोड येतो. पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. घर आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही नाही. आणि टोकन दिलंच तर व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या की कोणत्या फ्लॅटचं, किती, आणि करार झाला नाही तर परत.

ब्रोकरचं असं आहे की एक महिन्याचं भाडं हा दर ठरूनच गेलाय. पण ते करार झाल्यावर द्यायचं, घर दाखवायचे पैसे वेगळे मागणारा सोडून द्या. जीएसटी लावतो म्हणाला तर नंबर असलेलं बिल माग म्हणून सांगितलं भावाला, बिल म्हटलं की बऱ्याचदा जीएसटी गायब होतो. ब्रोकरशिवाय शोधायचं तर ॲप आहेत, फेसबुक ग्रुप आहेत, पण माझी सहापैकी दोन घरं मिळाली ती वॉचमनमुळे. आवडलेल्या सोसायटीच्या गेटवर जायचं, वॉचमनला विचारायचं रिकामं काय आहे. आणि त्यालाच पाण्याचं विचारायचं. मालक सांगतो चोवीस तास पाणी, वॉचमन सांगतो उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात. वाघोली, उंड्री, बाणेर-बालेवाडी, हिंजवडीकडे हा प्रश्न आधी विचारायचा आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा तेही.

घर दोनदा बघा, एकदा दिवसा, एकदा रात्री आठनंतर. दिवसा ओल बघायची, कपाटाच्या मागची भिंत, बाथरूमच्या बाहेरची भिंत, खिडकीच्या खालचा कोपरा. नवीन रंग फक्त एकाच भिंतीला दिला असेल तर का दिला ते विचारा. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश करा, मोबाइलला बेडरूममध्ये रेंज आहे का बघा. रात्री पार्किंग बघायचं, कारण दुपारी सगळ्याच सोसायट्यांत जागा असते. आणि ऑफिसच्या वेळेला एकदा स्वतः जाऊन बघा, नकाशावर वाकड ते हिंजवडी चिमूटभर अंतर आहे, सकाळी साडेनऊला ते किती आहे हे भावाला कळेलच.

एकटी मुलं-मुली असतील तर "फॅमिली ओन्ली" चा पाढा ऐकावा लागतो. जात, धर्म, मटण, रात्री किती वाजता येता, सगळं विचारतात आणि तेही हसत हसत. चीड येते, यायलाच पाहिजे. व्यवहारापुरतं एवढंच सांगतो की फ्लॅट ब्रोकरने "चालेल" म्हणून दाखवला तरी सोसायटीच्या चेअरमनला किंवा मॅनेजरला आधी भेटा, नाहीतर सामान टेम्पोत आणि टेम्पो गेटवर अडवलेला, असा प्रसंग माझ्या मित्रावर आलाय. सोसायटी भाड्याच्या फ्लॅटवर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून) लावते, ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, २००१ पासून राज्य सरकारचा तसा आदेश आहे. ते मालकाने भरायचे असतात. करारात मेंटेनन्स कोणाकडे ते स्पष्ट लिहा, नाहीतर हे पण आपल्याकडेच सरकतं. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम, ऑनलाइन होतं, पण पावतीची कॉपी तुम्ही ठेवा.

करारात वाचायचं काय, तर चारच गोष्टींवर डोळे फाडून बघा. लॉक-इन किती, म्हणजे तेवढ्या महिन्यांआधी सोडलं तर उरलेलं भाडं द्यावं लागतं. तो दोघांना लागू आहे का, की फक्त आपल्याला? छापील नमुन्यात बऱ्याचदा फक्त आपल्याला असतो. नोटीस एक महिना की दोन. डिपॉझिट परत कधी, "चावी देताना त्याच दिवशी" असं लिहून घ्या, "नंतर" हा शब्द नको. आणि वजावट कशाची.

वजावटीवर मी पोळलोय. तिसरं घर सोडताना मालकांनी पेंटिंगचे अठरा हजार कापले. वन बीएचके होता, राजवाडा नव्हता. करार काढून बघितला तर बारीक अक्षरात होतं की लायसन्सी जाताना मालकाच्या पसंतीने रंग देऊन जाईल. माझी सही खाली. तेव्हापासून "नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून" हे शब्द घातल्याशिवाय सही करत नाही. आणि राहायला जायच्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, मोबाइलवर पूर्ण घराचा व्हिडिओ, प्रत्येक तडा, तुटलेली टाइल, गीझर, पंखे, मीटरचं रीडिंग, आणि तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवायचा. सोडताना परत तेच. मालकाचंही यात भलं आहे, कारण भिंतीला वीस खिळे मारून जाणारे भाडेकरूही मी बघितलेत.

टॅक्सचं थोडक्यात. जुन्या टॅक्स पद्धतीत एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर ऑफिसला मालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून तो करारातच घालून घ्या, मार्चमध्ये मालक फोन उचलत नाहीत. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर तुम्हालाच भाड्यातून २ टक्के टीडीएस (मालकाच्या नावचा टॅक्स) कापून सरकारकडे भरायचा असतो, ऑक्टोबर २०२४ च्या आधी हा दर ५ टक्के होता.

तर भावाचं काय झालं. मी म्हटलं लाइट बिल माग. दोन दिवस टाळाटाळ, मग आलं, तर नाव मालकाच्या वडिलांचं. तेव्हा उलगडलं की नोटरीचा आग्रह का होता: फ्लॅट वडिलांचा, वडील साताऱ्याकडे गावी, अंगठा द्यायला त्यांना पुण्यात आणावं लागणार आणि याला ते जिवावर आलेलं. लबाडी नव्हती, आळस होता. एजंटला विचारलं तर म्हणाला अंगठ्याचं मशीन मी तिकडच्या माझ्या माणसाकडून पाठवतो, आजोबांना हलवू नका. रविवारी अंगठा झाला, गुरुवारी पीडीएफ आली. भावाने ती घरच्या ग्रुपवर टाकली आणि मावशीचा मला फोन, घर भाड्याने घ्यायला आता लायसन्स पण लागतं का रे, ह्याच्याकडे तर गाडीचंच नाहीये अजून.